नातीची उमेदवारी

'इंटर्नशिप' हा शब्द आमच्या घरात प्रथम आला तो २०२५ सालच्या पौषातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. माझ्या थोरल्या बंधूंची नात त्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात होती. सुटीसाठी ती शेणव्यास आली होती. आणि देवापुढे दिवा लागल्यावर ओटीवर बसलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांसमोर येऊन तिने आपली हकीकत मांडली. पुण्यातील एका कंपनीत सहा महिने काम करावयाचे. काम कसले, तर संगणकाच्या प्रोसेसरवर कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे घातली असता तो किती वेगाने चालतो, कोठे अडतो आणि का अडतो याचा शोध घ्यावयाचा. महिन्यास काही विद्यावेतन मिळणार होते. मात्र मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असा भरवसा नव्हता.

दादांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. ही त्यांची नापसंतीची पहिली खूण.

"म्हणजे ही नोकरी नव्हे?"

"नाही आजोबा, इंटर्नशिप."

"मग शिक्षण म्हणावे?"

"अगदी तसेही नाही."

"नोकरी नव्हे, शिक्षण नव्हे, मग पोरीच्या जातीने सहा महिने परगावी राहून करावयाचे काय? अप्पा, तू मास्तर आहेस. हा शब्द कोणत्या खात्यात घालावयाचा ते तूच सांग."

घरात एखादा नवा शब्द आला की तो तपासण्यासाठी मजकडे यावा, ही आमची जुनी वहिवाट आहे. मी सांगितले की, शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. पूर्वी कचेरीत कारकुनाची जागा मिळावी म्हणून होतकरू तरुण आधी बिनपगारी कामास जात असत. त्यास 'उमेदवारी' म्हणत. १९६१ सालच्या कायद्याने कारखान्यांतून शिकणाऱ्या मुलांची व्यवस्था लावली, तेव्हा मराठीत 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द रूढ झाला. आणि त्याहून मागे जावयाचे तर याज्ञवल्क्यस्मृतीत 'अन्तेवासी' आहेच. शिल्प शिकणाऱ्याने ठरल्या मुदतीपर्यंत गुरूच्या घरी राहावे. विद्या आधीच साध्य झाली तरी मुदत पुरी करावी. भोजन गुरूकडचे घ्यावे आणि त्या काळातल्या श्रमाचे फळ गुरूस द्यावे, असा व्यवहार तेथे सांगितला आहे.

स्मृतीचे नाव निघाल्यावर दादांचा विरोध निम्मा उतरला. उरलेला निम्मा सौ. वहिनींनी, "मुलगी आपल्या पायांवर उभी राहते आहे, तिला अडवू नका," एवढ्या एका वाक्याने उतरवला. "जा," दादा म्हणाले, "पण घेतलेली मुदत पुरी करून ये. अर्ध्यावर पळून येऊ नकोस." दुसऱ्या आठवड्यात आसनगाव स्टेशनावर तिला गाडीत बसवून मी परत आलो.

ती नेमके काय करते हे समजून घेण्याची उत्सुकता मला होती, आणि ती पुरी झाली शिमग्याच्या सुटीत. प्रथम तिने मला कागदावर चौकोन काढून समजावण्याचा प्रयत्न केला. माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही असे पाहून तिने कागद बाजूस सारला आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"आजी, तुझ्या शेगडीजवळ मिसळणाचा डबा असतो ना? त्यातली हळद संपली तर काय करतेस?"

"फडताळातली बरणी काढते."

"बरणीही रिकामी असली तर?"

"कोठीच्या खोलीत जावे लागते. आणि कोठीतही नसली तर शहापूरचा बाजार."

"प्रोसेसरचेही अगदी असेच आहे," ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास तिने जे सांगितले ते मला जसे उमगले तसे येथे देतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकातला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. त्याच्या आत एक ठोका अखंड पडत असतो. हल्लीच्या यंत्रात तो सेकंदास तीनशे कोटी वेळा, कित्येकदा त्याहूनही अधिक वेळा पडतो. एकेका ठोक्यात एकाहून अधिक सूचना उरकण्याची त्याची ताकद असते. परंतु ज्या आकड्यांवर काम करावयाचे ते हाताशी असतील तरच ही ताकद उपयोगी पडते. म्हणून त्याच्या अगदी लगत एक छोटासा साठा ठेवलेला असतो. त्यास 'कॅश' म्हणतात. हा आपला मिसळणाचा डबा. त्यामागे जरा मोठी कॅश, म्हणजे फडताळ. त्यामागे मुख्य मेमरी, म्हणजे कोठीची खोली. आणि सर्वांच्या मागे कायमची साठवण करणारी डिस्क, म्हणजे बाजार.

आता प्रत्येक ठिकाणी जाऊन येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. एक ठोका म्हणजे एक सेकंद असे घटकाभर समजू. मग डब्यातली वस्तू चार-पाच सेकंदांत हाती येते. फडताळातलीस पाव मिनिटापासून मिनिटभर लागते. कोठीतली वस्तू आणावयास चार-पाच मिनिटे मोडतात. आणि बाजारास जाऊन यावयाचे म्हटले तर तीन-चार दिवस!

"अगं बाई, मग फोडणी करपायचीच की!" वहिनी म्हणाल्या.

"त्याची फोडणी करपत नाही, आजी. तो नुसता उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, यंत्र संथ आहे. आत पाहिले तर यंत्र हात जोडून वस्तूची वाट पाहत असते."

हे 'आत पाहणे' हेच तिचे काम होते. प्रोसेसरच्या पोटात कर्त्यांनी मुळातच लहान लहान गणक बसवून ठेवलेले असतात. किती ठोके पडले, किती सूचना पुऱ्या झाल्या, किती वेळा डब्यात वस्तू मिळाली नाही, किती वेळा पुढच्या कामाचा बांधलेला अंदाज चुकला, हे सर्व ते मोजीत असतात. 'परफ' नावाच्या एका साधनाने ते आकडे बाहेर काढावयाचे, मांडावयाचे, आणि वेळ नेमका कोठे गेला याचा निवाडा करावयाचा. आमच्याकडे शाळा तपासणीस येणारे साहेब जे करीत त्याच जातीचे हे काम आहे असे मला वाटले. फरक इतकाच की, येथे वर्गाची आधी रंगीत तालीम घेता येत नाही.

तिने सांगितले की, या विद्येतही पूर्वसूरी आहेत. १९६७ साली जीन अॅमडाल नामक अमेरिकन अभियंत्याने एक साधा विचार मांडला. तो आपण श्राद्धाच्या स्वयंपाकावरून पाहू. सगळा स्वयंपाक शंभर मिनिटांचा, आणि त्यांपैकी वाटणाघाटणास लागणारी दहा मिनिटे, असे धरा. वाटण्याचे यंत्र कितीही वेगवान आणले, अगदी विजेच्या वेगाने वाटण झाले, तरी स्वयंपाक नव्वद मिनिटांच्या खाली येणार नाही. तेव्हा सुधारणा करण्यापूर्वी मोठा वेळ कोठे जातो ते पाहावे. पुढे १९९५ साली वुल्फ आणि मॅक्की या दोघा संशोधकांनी इशारा दिला की, प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढत चालला आहे आणि एक दिवस वाट पाहण्याची ही भिंत आडवी येईल. २००९ साली विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी या गोष्टीची एक आकृती काढून दिली. तिची रेषा प्रथम उताराने वर चढते आणि पुढे आडवी, सपाट होते. म्हणून तिला छपराचेच नाव मिळाले. काम उताराखाली पडले तर अडचण पुरवठ्याची आहे. सपाट भागाखाली पडले तर अडचण खरोखर आकडेमोडीच्या शक्तीची आहे. एकदा हे कळले की औषध कोठे लावावयाचे तेही कळते.

"मग कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम कोठे पडते?" मी विचारले.

"सांगते. पण त्यासाठी त्रैराशिक करावे लागेल, अप्पाआजोबा."

त्रैराशिक म्हटल्यावर मी मांडी नीट घालून बसलो. भाषेत उत्तरे देणारे जे यंत्र हल्ली सर्वांच्या तोंडी आहे त्याचे ज्ञान म्हणजे अंकांची एक अवाढव्य रास असते. मध्यम आकाराच्या यंत्रात सातशे कोटी अंक असतात असे धरू. प्रत्येक अंकास दोन बाइट जागा, म्हणजे सगळी रास चौदाशे कोटी बाइटांची, अर्थात १४ गीगाबाइटांची झाली. ही रास डब्यात मावणे शक्य नाही. ती कोठीतच राहणार. आणि उत्तर लिहिताना शब्दाचा एकेक तुकडा उमटवण्यासाठी ही सगळीच्या सगळी रास कोठीतून एकदा आणावी लागते. आता कोठीतून सेकंदास १०० गीगाबाइट माल आणण्याची सोय आहे असे समजा. शंभरास चौदाने भागा, सात आले. सेकंदास सात तुकडे! आकडेमोड करणारा भाग दसपट वेगवान केला तरी सातचे आठ व्हावयाचे नाहीत, कारण अडले आहे ते वाहतुकीपाशी.

"मग उपाय?"

"उपाय पुष्कळ आहेत. प्रत्येक अंक थोडक्या जागेत लिहावा. दोन बाइटांऐवजी अर्ध्या बाइटात बसवला तर १४ चे साडेतीन होतात आणि सातचे अठ्ठावीस. अचूकपणा किंचित कमी होतो. तो किती कमी झाला तेही मोजावे लागते. दुसरा उपाय, एकाच वेळी पुष्कळ लोकांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत. तुम्ही फळ्यावर श्लोक एकदा लिहीत असा, तो एका मुलाने वाचला काय आणि चाळीस मुलांनी वाचला काय, लिहिण्याचे श्रम तेवढेच ना?"

आणखीही एक गंमत तिने सांगितली. आपण विचारलेला प्रश्न यंत्र सगळा एकदम वाचते, त्या वेळी एकदा आणलेल्या राशीवर भरपूर काम होते आणि खरी कसोटी आकडेमोडीची लागते. उत्तर मात्र एकेक तुकड्याने निघते. तेव्हा कसोटी पुरवठ्याची. एकच यंत्र, एकच काम. परंतु पूर्वार्धात अडचण निराळी आणि उत्तरार्धात निराळी.

हे ऐकत असता माझ्या मनात जे आले ते आमच्या तालुक्यातल्या कोणाच्याही मनात आले असते. आमचा शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा पाणवठा. तानशाचा तलाव १८९२ सालापासून मुंबईस पाणी पुरवतो आहे. भातसा तर आज मुंबईच्या सुमारे निम्म्या पाण्याचा भार वाहते. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर फाल्गुन सरला की विहिरी तळाला जातात, टँकरची वाट पाहत हंडे ओळीने मांडले जातात. पाणी नाही असे नव्हे. अथांग पाणी आहे. परंतु हंड्यापर्यंत येण्याचा मार्ग नाही. नातीस मी हे बोलून दाखवताच ती म्हणाली, "अप्पाआजोबा, आमच्या साहेबांनी आम्हांस पहिल्या दिवशी हेच शिकवले. साठा किती हे विचारू नका. वाट किती रुंद आहे ते विचारा."

मोठमोठ्या यंत्रांचीही हीच कथा आहे. जपानचे 'फुगाकू' हे यंत्र २०२० साली जगात पहिले आले. महासंगणकांची क्रमवारी लावण्यासाठी समीकरणे सोडवण्याची जी एक जुनी परीक्षा आहे, तीत त्याने ४४२ पेटाफ्लॉपचा वेग गाठला. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. परंतु जिच्यात आकडे दूरदूरच्या जागांवरून गोळा करावे लागतात अशी दुसरी परीक्षा त्याच यंत्राने दिली तेव्हा तो वेग १६ पेटाफ्लॉप भरला, शेकडा चारही नव्हे. आणि गंमत अशी की, त्या दुसऱ्या परीक्षेतही त्याचा क्रमांक पहिलाच होता! पहिल्या परीक्षेचा आकडा तेवढा वर्तमानपत्रात येतो.

पुण्यासच हे काम चालावे यातही मला औचित्य वाटले. परदेशाने महासंगणक देण्यास आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तेथे सिद्ध झाला. भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. त्यांच्या परमची रचनाही अशी की, एकच बलाढ्य प्रोसेसर न घेता पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांजकडून काम करून घ्यावयाचे. त्याच संस्थेच्या 'परम सिद्धी-एआय' या यंत्राने २०२० सालच्या नोव्हेंबरात जगाच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळवला. खेड्यातून निघालेला मनुष्य कोठवर पोचतो याचे उदाहरण म्हणून मी ही हकीकत दादांस ऐकवली. "तो पोचला खरा," दादा म्हणाले, "आपली पोचली म्हणजे बरे."

चैत्रात एका रविवारी रात्री तिचा फोन आला. घरात निजानीज झाली होती. आवाज नेहमीचा नव्हता.

"अप्पाआजोबा, मजकडून एक चूक झाली आहे."

हकीकत अशी. एका कामात आकड्यांची मांडणी बदलून तिने ते अधिक वेगाने चालेल अशी व्यवस्था केली होती. जुनी पद्धत चालवून वेळ मोजला, लगेच नवी चालवून वेळ मोजला. नव्या पद्धतीस एक तृतीयांश वेळ कमी लागला. शुक्रवारी तिने तसा अहवाल दिला. वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि तो आकडा पुढे आणखी वरच्या मंडळींकडे गेला. रविवारी सहज म्हणून तिने क्रम उलटा केला. आधी नवी पद्धत चालवली, मग जुनी. आणि पाहते तो जुनीच वेगवान ठरली!

कारण उघड होते. पहिल्या खेपेस सगळा माल बाजारातून कोठीत यावयाचा होता; दुसऱ्या खेपेस तो आधीच कोठीत येऊन पडलेला. दुसरी जी पद्धत चालेल ती आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. दोघींनाही सारखी संधी देऊन, क्रम आलटून पालटून, पुष्कळदा मोजून मधला आकडा घेतला, तेव्हा खरी सुधारणा शेकडा चार निघाली.

"आता काय करू? सहा जणांतून दोघांस ठेवून घेणार आहेत. तो अहवाल कोणी पुन्हा तपासणार नाही. सांगितले तर..." पुढे ती बोलली नाही.

मी चाळीस वर्षे मुलांस 'खरे बोलावे' हा पाठ शिकवला. परंतु फोनवर ते वाक्य माझ्याने उच्चारवेना. पाठ शिकवणाऱ्याचे त्यात काही जाणार नव्हते, जावयाचे होते ते तिचे. अखेर मी इतकेच विचारले, "तुझ्या आकड्यावर विसंबून पुढे कोणी काही उभारणार आहे का?"

"हो."

"मग तुझा निर्णय झालेला आहे, बाळ. तू मला विचारण्यासाठी नव्हे, धीर यावा म्हणून फोन केला आहेस."

सोमवारी सकाळी तिने सांगितले. वरिष्ठ रागावले नाहीत. आकडा परत बोलावताना मात्र त्यांसही संकोच झाला असावा. त्यांनी तिजकडून मोजणीचे नियम लिहवून घेतले: प्रत्येक खेपेपूर्वी यंत्राची स्थिती सारखी करावी, क्रम बदलावा, एका मोजणीवर विश्वास ठेवू नये, यंत्र तापले की आपला वेग आपणच उतरवते, तेही ध्यानात घ्यावे. ते नियम पुढच्या उमेदवारांस वाचावयास देणार आहेत असे ती म्हणाली.

त्या रात्री फोन खाली ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तिच्या चुकीने नव्हे. माझ्या एका जुन्या मोजणीची आठवण झाली म्हणून.

१९९० नंतरच्या काही वर्षांतली ती गोष्ट. मी तालुक्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. पुढच्या बाकांवर आमच्यासारख्या घरांतली मुले बसत. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी घडाघडा म्हणत. त्यांच्या घरी रोज दिवेलागणीस आजोबा पाढे म्हणवून घेत, हे मला ठाऊक होते. तरीही त्या वेगास मी बुद्धी समजत असे. मागच्या बाकावर जवळच्या वाडीवरचा एक कातकरी मुलगा बसे. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जात, मुलगाही त्यांजबरोबर जाई. परत येत ते पावसाच्या तोंडावर. दर आषाढात तो वर्गात आला की पाटी कोरी. बेरजेपासून आरंभ. श्रावणात हळूहळू चालू लागे. एका आश्विनात तर व्यवहारी अपूर्णांकाचे एक उदाहरण त्याने वर्गात सर्वांच्या आधी सोडवले. मला आश्चर्य वाटले, आणि ते आश्चर्य मी तेथेच विसरलो. लगेच दिवाळी आली आणि तो गेला.

वर्षअखेरीस त्याच्या प्रगतिपत्रकावर मी शेरा लिहिला, 'मंद'. अक्षर वळणदार, खाली माझी सही.

माझ्या शेऱ्यामुळेच त्याने शाळा सोडली असे मी म्हणत नाही. भट्टीची उचल, घरची तोंडे, ही कारणे माझ्या शेऱ्याहून पुष्कळ बळकट होती. परंतु मी जे मोजले ते चुकीचे मोजले होते. पुढच्या बाकावरच्या मुलांचा माल आधीच कोठीत भरलेला होता. त्यांच्या तीन पिढ्यांनी तो भरून ठेवला होता. याचा दर वर्षी नव्याने बाजारातून यावयाचा. मी दोघांच्या हाती एकच प्रश्नपत्रिका दिली, एकच घड्याळ लावले, आणि त्यास न्याय म्हटले. त्या आश्विनातल्या उदाहरणाने क्रम उलटा करून दाखवला होता. नातीने रविवारी जे पाहिले तेच मी त्या दिवशी पाहिले. तिने सोमवारी सांगितले. मी तीस वर्षे सांगितले नाही, कारण मला पुन्हा मोजावेसे वाटले नाही.

आपल्या घरांत 'अमक्याचा मुलगा हुशार, तमक्याचा यथातथाच' अशी वाक्ये ताटावर बसल्या बसल्या सहज बोलली जातात. मीही बोललो आहे. वाचकांनी त्यातून काय घ्यावयाचे ते घ्यावे. मी माझ्यापुरते सांगतो.

असो. आषाढाच्या आरंभी नात मुदत पुरी करून परत आली. ज्या दोघांस ठेवून घेतले त्यांत ती नव्हती. अहवाल मागे घेतल्यामुळे की इतर दोघे खरोखरच सरस होते म्हणून, हे तिला कळले नाही आणि तिने विचारलेही नाही. ती दोन ठिकाणी अर्ज करून बसली आहे. वहिनींस वाईट वाटले. त्या रात्री त्यांनी तिच्या आवडीचे कढीगोळे केले. दादांनी चष्मा काढला, पुसला नाही, पुन्हा घातला आणि विचारले, "मुदत पुरी केलीस ना?"

"केली आजोबा."

"आणि खोटा आकडा मागे ठेवून आली नाहीस?"

"नाही."

"मग उमेदवारी पुरी झाली," ते म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.

भट्टीवरून परतलेली चार मुले त्या आषाढापासून संध्याकाळी आमच्या ओटीवर येतात. गणित मी घेतो. वाचन नात घेत असते. पहिल्या दिवशी सवयीने मी प्रश्न विचारण्यासाठी खडू उचलला, तर तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मी खडू खाली ठेवला. पहिला महिनाभर परीक्षा घ्यावयाची नाही, असे आमचे दोघांचे ठरले आहे.